खालची प्रत

आर्डिस व्हॅन्डरलू, वय अठ्ठ्याहत्तर,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा फॉर्म सपाट करते
तळहाताने, इस्त्री फिरवावी तसा.
प्रश्न अकरावा: धक्क्यावर तो फलक नसता,
तर वर्षातून किती वेळा मासे धरायला गेला असतात?

'असता तर'चा हिशेब ठेवणं ही माझी नोकरी.
न धरलेले मासे, न भिजलेले पाय,
गळ कुणी गुंतवला यावरून न झालेली भांडणं,
सगळ्यांची बेरीज मी रकान्यात मांडते.
सरकार आणि मेनॉमिनी लोकांची परिषद
कागदोपत्री नदीचे विश्वस्त.
विश्वस्तांना आकडा लागतो,
आकड्याशिवाय कंपनीच्या वकिलाला ऐकू येत नाही.

ती म्हणते, शुक्रवार धर.
शुक्रवारी आमच्यात मांस नाही, मासा.
वर्षाचे बावन्न, एकतीस वर्षं.
मी हिवाळा वजा करायला जाते तर मनगट धरते:
जानेवारी कापू नकोस,
बाबा बर्फाला भोक पाडून बसायचे,
बादली उलटी करून, तिच्यावर.

एक हजार सहाशे बारा.
लिहिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी
त्या संख्येकडे बघत राहतो, दारात आलेल्या अनोळखी पोराकडे बघावं तसं.
कुणाचा रे तू?

बाबा पेपर मिलमध्ये, दुसरी पाळी.
एकदा घरी घेऊन आले नव्या तऱ्हेचा कागद.
वर लिहिलं की खालच्यावर आपोआप उमटायचं,
मधे काळा कार्बन नाही, बोटं स्वच्छ.
आर्डिसने वर घोडा काढला, खाली घोडा.
वर क्लारेन्स लिहिलं, खाली क्लारेन्स, जरा फिकट.
आई म्हणाली, जादू.

जादू म्हणजे तेल होतं.
कागदाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या,
पेन दाबलं की फुटायच्या.
रद्दी पुन्हा मिलमध्ये यायची, धुतली जायची,
आणि ते धुण्याचं पाणी…
ती नुसती खिडकीकडे हनुवटी करते.

नदीनेही प्रती काढल्या.
गाळात एक. गाळातल्या अळीत एक.
अळी खाणाऱ्या पर्चमध्ये, पर्च गिळणाऱ्या वॉलआयमध्ये.
फक्त इथे उलटा कारभार:
कागदाची प्रत खाली जाते तशी पुसट होते,
ही वर चढते तशी गडद.
सुरय पक्ष्याचं एक पिल्लू पाहिलंय मी प्रयोगशाळेत,
चोचीची दोन टोकं एकमेकांना चुकवून गेलेली.
बाटलीवर क्रमांक होता, तारीख, सही.
सही माझी.

आता तराफे आलेत. रात्रंदिवस गाळ उपसतात, पिळतात,
पिळून उरतो त्याला केक म्हणतात,
आणि ट्रकमध्ये भरून दूर नेतात.
दूर म्हणजे कुणाच्या तरी जवळ.
उपसता येत नाही तिथे वाळूचं पांघरूण.
हरवलेल्या दिवसांच्या बदल्यात
वरच्या अंगाला दोनशे एकर पाणथळ.
तिथे गेल्या पानगळीत लवर्ना भेटली, मेनॉमिनी,
होडीतून जंगली भाताचं ओलं बी भिरकावत,
मूठ मूठ, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
विचारलं, उगवेल?
म्हणाली, दोन वर्षं बदकं खातील.
तिसरं आमचं.
तुझ्या फॉर्मला सांग, तेव्हा ये.

आर्डिस हे सगळं ऐकून घेते.
"म्हणजे माझ्या शुक्रवारांची दलदल केलीत?"
हो.
"बेडूक असतील?"
असतील.
"बरं."

राहिली सही.
पेन मुठीत आवळून अशी दाबते
की कपातली कॉफी थरथरते.
मी म्हणते, एवढा जोर नको, एकच प्रत आहे.
तरीही सही झाल्यावर ती
फॉर्मचा कोपरा उचलते
आणि खाली डोकावते.

खाली मेणकापड, चेरीच्या नक्षीचं.
त्यावर तिचं नाव, खोल, बिनरंगी.
अंगठा फिरवून बघते,
जातं का.